म्हशीला न चालणारं मलम

माझी आई आयुष्यात कुणाशी खोटं बोलली नसेल. बोलली ती फक्त जालन्याच्या कातडीच्या डॉक्टरांशी, आणि तेही मी शेजारी बसलेली असताना. “मावशी, मलम लावता ना रोज?” असं त्यांनी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, “लावते की, बराबर लावते.” मी दातओठ खात बसायची. वडीगोद्रीला आमच्या घरी ती मलमाची डबी कोनाड्यात जवळजवळ भरलेली पडून होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मला सातवा महिना लागला तसं पहिल्या बाळंतपणासाठी सासरच्यांनी केदारखेड्याहून माहेरी आणून सोडलं. आल्या आल्या आईचे तळहात बघितले. कातडी जाड झालेली, पांढऱ्या खपल्या, मधे भेगा आणि भेगांतून रक्त. गल्लीतल्या बायका त्याला गजकर्ण म्हणायच्या आणि तिच्या हातचं पाणीही जरा विचार करूनच घ्यायच्या. मी तिला एसटीत बसवून जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा सोरायसिस. मुळासकट जात नाही, पण नेमाने मलम लावलं तर दबून राहतो, आणि कुणाला लागत तर बिलकुल नाही. त्यांनी डांबराचं मलम दिलं. संध्याकाळी चोळायचं आणि वर सुती कापड बांधून झोपायचं.

“माझ्या बाळंतपणापर्यंत बरे होतील का?” मी विचारलं. आईच्याही मनात तेच होतं. पहिल्या नातवंडाला आजीने तेल लावायचं, पाटावर पाय लांब करून त्याला पायांवर घ्यायचं आणि न्हाऊ घालायचं, ही आमच्याकडची रीत. गल्लीतली निम्मी पोरं आईच्याच पायांवर न्हाली होती. पण असल्या हातांनी कोवळ्या अंगाला शिवणार न्हाई, हे तिने मला आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

“रोज लावलं तर होतील,” डॉक्टर म्हणाले.

आणि मग आडवी आली म्हैस. आईशिवाय दुसऱ्या कुणाला ती कासेला हात लावू देत नव्हती. वडिलांना तिने एकदा लाथ घालून गोठ्याबाहेर काढलं होतं. मलम लावलेल्या रात्रीनंतर आई पहाटे धारेला बसली, तर डांबराच्या वासाने म्हशीने पाय आपटले आणि पान्हा चोरला. झालं. आईने चुलीतली राख घेऊन हात खसाखसा घासले. वास गेला, भेगा आणखी फाटल्या, म्हशीने दूध दिलं आणि मलम कोनाड्यात गेलं.

“माय, तुला हात पाह्यजेत का म्हैस?” मी ओरडले.

“तुझ्यासाठीच तूप साठवून राह्यले ना मी,” ती म्हणाली. “डिंकाच्या लाडवाला लागंल, बाळंतिणीला लागंल. हातांचं काय, होतील मंग बरे.”

आता या बाईपुढे डोकं फोडायचं का? माझ्या लेकराला न्हाऊ घालायला हात बरे हवेत, आणि माझ्याच तुपापायी ते बरे होऊ द्यायचे न्हाईत. दुपारी लाव म्हटलं, तर संध्याकाळची धार असते. हातांवर पिशव्या चढवून धार काढ म्हटलं, तर ती माझ्याकडे बघून हसली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हात बघितले, “लावते की” ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून आणखी कडक मलम लिहायला घेतलं. मला राहवलं नाही. “साहेब, ही काहीच लावत न्हाई,” मी सांगून टाकलं. येताना अंबड येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चारचौघांत आईची लाज काढली म्हणे.

मुलगी झाली. शेजारच्या काकू रोज येऊन तिला न्हाऊ घालायच्या. आई पाणी तापवून द्यायची, दारात उभी राहायची, हात पदराखाली. पोर रडली की आई पुढे झुकायची, पण पाय उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. मला लाडू गोड लागत नव्हता, आणि ती समोर बसून आणखी एक खा म्हणायची. चीड यायची मला, तिची आणि त्या तुपाचीही.

पुढे म्हैस आटली. आता सबब उरली नाही. दिवेलागणीला मीच तिचे हात मांडीवर ओढून मलम चोळायची आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधायची. हळूहळू खपल्या सुटल्या, भेगा बुजल्या. मी सासरी निघायच्या आदल्या दिवशी तिने पोरीला पायांवर घेतलं. पोर रडली नाही, टकामका आजीकडे बघत राहिली. पाणी गार व्हायला लागलं तरी आई तेलच जिरवत होती, आणि काकू एकदाही मधे बोलल्या नाहीत.

“आता सोडू नकोस,” मी निघताना बजावलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, बरं दिसलं तरी लावायचं. पण चांगल्या हाताला औषध लावलं म्हणजे दुखणं घरी बोलावलं, असं तिचं ठाम मत. “झाले की बरे. आता कशाला?” मी एसटीच्या थांब्यावर तिच्याशी भांडले, गाडी आली म्हणून थांबले.

पंचमीला माहेरी आले तेव्हा पोर रांगत होती. गोठ्यात म्हैस व्यालेली, दावणीला नवं पारडू. आई ओसरीवर बसली होती, हात पदराखाली. पोर रांगत तिच्यापाशी गेली, पदर ओढला आणि आजीचा हात बाहेर काढला. भेगा होत्या तशा. पोरीने आजीचं बोट तोंडाकडे नेलं तसा आईने हात मागे घेतला.

“थांब गं बाई. मलम लावलंय हाताला, तोंडात जाईल.”

मला इतकं बरं वाटलं की भांडायचंच विसरले. उशिरा का होईना, लावते तर आहे. मी तिचा हात धरला आणि सहज नाकाशी नेला. डांबराचा वास कुठेच नव्हता. ताज्या दुधाचा होता.

मी तिच्याकडे बघितलं. ती पोरीकडे बघत होती.

“लावते की,” ती म्हणाली. “बराबर लावते.”