नाल काढलेली घोडी

साडूने मला घोडी विकली तेव्हा तिचे चारही पाय चिखलाने लिंपलेले होते. भाजीच्या हातगाडीपासून सुरुवात करून मी वरातीच्या धंद्यात आलो. वांगंसुद्धा फिरवून पाहिल्याशिवाय घेत नाही. पण घरचा माणूस म्हणून खूर उचलून पाहिले नाहीत. घरी आणून धुतले, तर खिळे ठोकून ठोकून खुरांच्या कडा भुरभुरीत झालेल्या. नवी नाल टिकेना, घोडी लंगडू लागली. आणि साडू त्याच्या गावभर, अल्लीपूरभर सांगत सुटला, की चांगली घोडी मीच नासवली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाल काढा. वरून नवा खूर वाढत खाली उतरेपर्यंत अनवाणी ठेवा आणि खूर नेमाने सारखे छाटून घ्या."

नालबंद वैतागला. "लोकं मले नाल ठोकाले बोलावते जी. काढाले कोण बोलावते?"

तरी आला. खुराचं पुढे वाढलेलं टोक कमी केलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या, कडेला कानस मारून गोलाई दिली. तळव्याला हत्यार लावू नका, असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून मी त्याच्या डोक्यावर उभाच.

सुरुवातीला घोडी अंगणातसुद्धा बिचकत पाऊल टाकायची. मला मात्र वेगळाच नाद लागला. पिपरी मेघेत घरामागे फुफाट्याची वाट आहे. तिथे तिला फिरवायचं आणि उकिडवं बसून ठसे पाहायचे. आधी ठशाचं टोक खोल उमटायचं, टाच जेमतेम. छाटणी होत गेली तशी टाच उमटू लागली. मग खुराच्या मधला रबरासारखा त्रिकोणी भागही दिसू लागला. नालबंद त्याला पुतळी म्हणतो.

बायको म्हणायची, "पोराईचे निकाल कधी इतके वाकून नाई पाह्यले!"

लग्नसराईतली पहिली वरात मिळाली ती नेमकी अल्लीपूरची. साडू मुलीकडच्या मंडळींत. घोडी लंगडली, तर त्याचंच खरं ठरणार होतं.

मंडपाच्या अलीकडे रस्ता उकरून गिट्टी पसरली होती. घोडी थांबली.

"काऊन थांबली जी?" नवरदेवाच्या मामांनी विचारलं.

"रस्ता पाहून राह्यली."

वरात घ्यायला पुढे आलेला साडू हसला. "बिनचपलेची घोडी आणली भाऊनं! घ्या आता नवरदेवाले कडेवर!"

माझं डोकं तापलं. पण लगाम ढिला सोडला. नाल असताना ही ओढू तिकडे जायची. आता काय करते ते मला पाहायचं होतं. तिने मान खाली घातली, एक पाय गिट्टीवर टेकवला, मागे घेतला आणि कडेच्या मातीवर वळली. तिथे निंबाच्या फांद्या.

"काका, पाडते काय हे मले?" नवरदेव ओरडला.

"तुमी फक्त डोकं वाकवा!"

शेवटी थोडी गिट्टी ओलांडावीच लागली. मोठे दगड टाळत, सावकाश, पण न लंगडता गेली.

नवरदेव उतरल्यावर मी तिचा खूर उचलून पाहत होतो. मागून साडू वाकला.

"दाखव बरं."

भांडायचं तर होतंच. पण इतके महिने हा खूर बदलताना पाहणारा मी एकटाच होतो. मी तो त्याच्याकडे वळवला.

"हात नको लावू," म्हणालो. "नुसता पाह्य."