वरच्या कायद्याचे निकालराव

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी कधी जमलं नाही. वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते.

कोर्टाच्या निकालाचा दाखला दिल्याशिवाय निकालराव चहासुद्धा मागत नसत. हे नाव माझ्या सुनेने ठेवलेलं. हॉलंडमधल्या न्यूनेन गावी आमच्या माळ्यावर ते भाड्याने राहत. केंद्राने राज्यांच्या कायद्यात आणि व्यापारात कुठवर हात घालावा, यावर देशोदेशीची कोर्टं काय म्हणाली, एवढंच ते चार वर्षं शोधत होते. कोरोनाने विद्यापीठ बंद झालं आणि तो सगळा पसारा माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला.

"मावशी, वरचा कायदा आला की खालच्याने गप्प बसायचं," हे दिवसातून दहादा. आपलं ताट आपण घासायचं, असा मी नियम केला. त्यांनी माझ्या मुलाकडे अपील केलं: घर त्याच्या नावावर, तेव्हा नियम करायचा अधिकार त्याचा. मुलगा हसला. ताट मी घासलं.

तेव्हा मी शेंगदाण्याची चटणी विकायला लागले होते. बेल्जियमच्या एका दुकानाने साठ बरण्या मागवल्या. दाण्यांत आणि बरण्यांत माझी सगळी शिल्लक गेली. लेबलावर काय लिहायचं ते विचारून घेऊ, असं सून म्हणत होती. निकालरावांनी तिला उडवूनच लावलं. एका देशात रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्याला अडवता येत नाही, असा युरोपच्या कोर्टाचा जुना निकाल आहे म्हणे. "बिनधास्त पाठवा. अडवलं तर भरपाई माझी." एवढा शिकलेला माणूस म्हणतोय म्हणून मी बरण्या लेबलाशिवायच पाठवल्या.

तिथल्या तपासनिसाने साठही बरण्या कचऱ्यात टाकायला लावल्या. दाणे काहींच्या जिवावर बेततात, म्हणून ते बरणीवर लिहावंच लागतं. आणि हा नियम काही बेल्जियमचा नव्हता, अख्ख्या युरोपचा होता. म्हणजे वरचाच. चार वर्षं वर बघणाऱ्याला नेमका तोच दिसला नव्हता.

"मावशी, प्रत्येक निकालाला अपवाद असतो," ते म्हणाले. त्यांचं खरकटं ताट त्यांच्यापुढे सरकवून मी खोलीत गेले. संध्याकाळी ते घासलेलं होतं, साबण न लावता.

पण भरपाईला त्यांनी अपवाद शोधला नाही, हेही लिहायला हवं. दर महिन्याला विद्यापीठाच्या पगारातून थोडे थोडे पैसे देत राहिले, तिकडे लांब झूटरमेर गावी राहायला गेल्यावरही. शेवटचे द्यायला स्वतः आले, मास्क लावून, दारातच उभे. आणि पावती मागितली. आता बरण्यांना लावत होते त्यातलं एक लेबल मी घेतलं. पुढे ठळक छापलेलं होतं, 'यात शेंगदाणे आहेत'. मागे मी लिहिलं, पैसे पूर्ण मिळाले.