रिकाम्या जागेत अंकिता

आर्वीच्या एसटी डेपोत रूपरावनं सगळी नोकरी माइकपुढे काढली. गावाचं नाव आणि फलाटाचा नंबर बदलायचा, बाकी वाक्य तेच. डेपोसमोर माझं कापडाचं दुकान, त्यामुळे ते वाक्य माझ्याही कानात बसलं आहे. आता तो निवृत्त झाला, तरी दुपारी लॅपटॉप काखेत मारून माझ्याच गादीवर येऊन बसतो. बायको वारली, एकुलती एक अंकिता आयर्लंडला नोकरीला. घर खायला उठतं म्हणतो.

लॅपटॉपवर त्याचं एक खूळ चालतं. झाडाझुडपांची माहिती लोकांनीच लिहायची अशी एक साइट आहे, कितीतरी भाषांत. तिच्यावरची ‘शोधा’, ‘जतन करा’ अशी बटणं आणि सूचना हा मराठीत आणतो. खूळ लावलं अंकितानंच. कॉलेजात असताना ती हिंगणीच्या जंगलात झाडं बघत फिरायची आणि संध्याकाळी बापाला शेजारी बसवून भाषांतर करायला लावायची. साचा म्हणजे काय, हेही तिनंच समजावलं होतं. “बाबा, तुमच्या अनाउन्समेंटसारखंच हाये. वाक्य एकदाच लिहायचं, नावाची जागा रिकामी ठेवायची. ज्याचं त्याचं नाव साइट भरते.”

ती परदेशी गेली आणि साइटवर तिचं नाव दिसेनासं झालं. रविवारी फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, झालं.

“काऊन गा, तूच लाव ना फोन,” मी म्हणायचो.

“लावून बोलू काय? पोरगी कामात राह्यते. इथं एकेका शब्दावरून भांडत होतो आम्ही. ते भांडण पाह्यजे मले.”

माझा मुलगा योगेंद्र मागच्याच खोलीत राहतो आणि आमचं भांडणसुद्धा होत नाही.

वाक्य बरं दिसतं की नाही, हे बघायला रिकाम्या जागेत एखादं नाव घालावं लागतं. बाकीचे काहीही घालतात. रूपराव दर वेळी अंकिता घालतो. ‘स्वागत आहे, अंकिता. बऱ्याच दिवसांनी आलात.’ त्याच्याकडे बघत बसतो, मग नाव काढून जतन करतो.

“किती वेळ तपासून राह्यला गा एकच वाक्य?” मी चिडवायचो.

परवा नाव काढायचं विसरला आणि तसंच जतन केलं. साचा एकच, त्यामुळे मराठीत साइट उघडणारा जो तो अंकिता झाला. कुणा सुरभीनं चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘मी अंकिता नाही.’ कुणा मधुकररावांनी लिहिलं, ‘या वयात मला अंकिता का केलंत?’ मला हसू आवरेना. रूपराव मात्र पार ओशाळला. घाईघाईनं दुरुस्त करायला गेला, तर दुरुस्ती आधीच झालेली.

बदल कुणी केला, ते तिथं दिसतं. नाव अंकिताचं होतं. पुढे तिनं लिहिलं होतं, ‘बाबा, जागा परत रिकामी केली. तुमचा प्रत्येक बदल मले मेलवर येते, मी रोज वाचते. अन् ते “बऱ्याच दिवसांनी” काय? “खूप दिवसांनी” करा.’

रूपरावनं चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, परत वाचलं. “रोज वाचत होती गा,” म्हणाला. “मी समजलो, विसरली.”

“मंग आता तरी फोन लाव,” मी म्हटलं.

“लावतो,” म्हणाला, आणि पुढचं वाक्य उघडलं. साइटवरून बाहेर पडतानाचं होतं ते. रिकाम्या जागेत त्यानं नेहमीसारखं नाव घातलं. ‘पुन्हा या, अंकिता. वाट पाहतो.’ बराच वेळ बघितलं आणि जतनचं बटण दाबलं.

“अरे रूपराव, नाव राह्यलं ना!”

“राहू दे,” तो म्हणाला. “येईल पोरगी पुसाले.”