हलगीचा पश्चात्ताप

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर आमच्या गावच्या धर्मशिक्षक मास्तरांचे. आणि मी सर्वांत जास्त चिडलो कोणावर, तर तेही मास्तरच. कुणी काही विचारलं की ते छत्री काखेत मारायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "मनाला विचार की. मला कशाला विचारतो?" अहो, सांगण्यासाठीच तर मिशननं त्यांना गावात ठेवलं होतं!

गाव कळंबच्या पलीकडचं. मांगवाड्यातली आमची घरं कॅथलिक झालेली. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे, लोकांचं पापनिवेदन ऐकायचे, मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, करायचे. एरवी सगळा कारभार मास्तरांचा. मला बाराखडी त्यांनीच शिकवली. गावातली शाळा संपली तेव्हा वडील, ज्यांना घरचे आणि मास्तरही दादा म्हणत, मला गुरांमागे धाडणार होते. मास्तर आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. "पोराला कळंबच्या शाळेत घालतो म्हणा, मग उठतो." आईनं भाकरी वाढली, ती खाल्ली आणि पुन्हा तिथंच बसले. मी पदवीधर झालो तो त्या बसण्यामुळे.

पूर्वी मास्तर असे नव्हते. पूर्वी ते पोरांना नमुन्याची पापं पाठ करून देत. त्यात एक होतं, शेजाऱ्याच्या झाडाचा पेरू चोरला. पहिल्या पापनिवेदनानंतर आम्ही पोरं बाहेर जमलो.

"तू काय सांगितलं रं?"

"पेरू."

"म्याबी पेरूच!"

गावात पेरूचं झाड नव्हतं. मागं उभे असलेले मास्तर आधी खो खो हसले, मग म्हणाले, "चोरी न करता चोर झालात लेकरांनो. माझीच चूक. इथून पुढं ज्याचं पाप त्यानं हुडकायचं." तेव्हापासून त्यांनी उत्तरं देणं सोडलं.

ते आम्हाला भोवलं दादांच्या बाबतीत. गावच्या देवीच्या जत्रेत पालखीपुढं हलगी वाजवणं हे आमच्या घराकडे होतं. त्याला मान म्हणा, नाहीतर वेठ म्हणा. नवे फादर आले आणि त्यांनी बजावलं, हलगीचा पश्चात्ताप करून ती सोडल्याशिवाय क्षमा नाही आणि क्षमेशिवाय ख्रिस्तप्रसाद नाही.

दादा मला घेऊन मास्तरांकडे गेले.

"मास्तर, पाप हाय का न्हाय, येवढंच सांगा."

"वाजवताना मनात काय असतं, दादा?"

"पोट."

"निस्तं पोट?"

"खरं सांगू? हलगी तापली की ना पालखी दिसती, ना पाटील. लई बरं वाटतं."

"देवीला हात जोडता?"

"न्हाय. ते कवाच केलं न्हाय."

"मग विचारा मनाला."

मी तडकलो. "मास्तर, होय म्हणा नाहीतर नाही म्हणा! निदान फादरांना तरी जाऊन सांगा."

"माझं सांगितलं तर दादा माझ्या मनानं चालतील. ते कशाला?"

दादांनी विचार केला आणि फादरांना सांगून टाकलं, "मला हे पाप वाटत न्हाय. वाटत नसताना माफी मागितली तर ते खोटं व्हईल."

पुढच्या मिस्सेत सगळे प्रसादाला उठले. दादा मागं भिंतीशी बसून राहिले. मास्तर नेहमी रांगेत पहिले असत. त्या दिवशी ते रांग सोडून मागं आले आणि दादांशेजारी मांडी घालून बसले.

"तुमी का आलाव मास्तर? जा की."

"आज मला जमत न्हाय."

बस, एवढंच. मला ते भांडायला हवे होते आणि ते नुसते बसले. काही दिवसांनी त्यांची नगरकडे बदली झाली. एसटीच्या खिडकीतून त्यांनी मला फक्त अभ्यासाचं विचारलं.

पुढं मी बी.ए. होऊन भूमला शिक्षक झालो. एकदा गावाहून त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

"मास्तरांस सादर प्रणाम. दादा काल गेले. शेवटी तेच फादर आले होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, हलगीचा पश्चात्ताप होतो ना? मी दादांच्या कानाशी लागून म्हणालो, हो म्हणा, एकच शब्द. दादा म्हणाले, 'बाकी समद्याचा व्हतो, फादर. बायकूवर हात उचलला, त्याचा लई व्हतो. हलगीचा न्हाय व्हत.' आई दाराशी उभी होती. फादर पुष्कळ वेळ बसले आणि प्रसाद न देताच उठले.

मास्तर, मला तुमचा फार राग आला आहे. त्या वेळी तुम्ही एक शब्द बोलला असता, तर दादा असे गेले नसते. आईला हे बोललो तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, त्यांनी जन्मात माझी माफी मागितली न्हवती, ती काल मागितली. फादर माती द्यायला आले नाहीत. आम्हीच कशीबशी प्रार्थना म्हटली. आई ती धरत नाही. म्हणते, मास्तर येऊन म्हणतील तीच खरी. नगरची एसटी कळंबला दुपारी येते. मी रोज स्टँडवर थांबेन. या."