शिरवणे फाट्यावरची डॉगिड मुलगी

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. गावाच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या होत्या, ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसगाड्या धावू लागल्या होत्या, पण आमच्या शिरवणे फाट्यावर एकही थांबत नसे. कॉलेजसाठी वाशीला जाणाऱ्या आम्हा मुलींना ट्रकांची धूळ खात तुर्भ्यापर्यंत चालत जावं लागे. माझ्या दोन मैत्रिणींनी त्यापायी कॉलेज सोडलं. मी सोडणार नव्हते.

थांब्यासाठी मी बसच्या कचेरीत दर सोमवारी जाऊ लागले. तिथले साहेब म्हणत, "बघू, पुढच्या आठवड्यात या." मी जाई. एकदा मला दारात पाहून ते शेजारच्या कारकुनाला इंग्रजीत म्हणाले, ही मुलगी फार डॉगिड आहे.

त्यातलं डॉग तेवढं मला कळलं. कानशिलं तापली. घरी सांगितलं तर बाबा ताटावरून उठले. "तुला कुत्री म्हनला? आता मी पन येतो."

मी त्यांना अडवलं. आधी अर्थ तर कळू दे.

कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमना गाठलं. "शब्द कुत्र्यावरूनच आलाय," त्या म्हणाल्या. "पूर्वी तो वाईटच होता. कुत्र्यासारखा तुसडा, गुरगुरणारा माणूस, असा. पुढे लोकांना कुत्र्याचा दुसरा गुण दिसला असेल, धरलेलं न सोडण्याचा. आता डॉगिड म्हणजे चिवट. कुणी कितीही हाकललं तरी लावून धरणारा."

"म्हणजे स्तुती?"

"स्तुतीच. पण करणारा जरा वैतागलेला असतो."

पुढच्या सोमवारी त्या दोघी मैत्रिणींनाही घेऊन गेले. साहेबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "साहेब, मी डॉगिड आहे. आज उत्तर घेऊनच जाणार."

साहेब चपापले, मग त्यांनी फायलीत डोकं घातलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. त्यांची जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला. शेवटी ते स्वतःच फाटा बघायला आले. नाकाला रुमाल लावून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, अंगावरून भरधाव जाणाऱ्या बस त्यांनी पाहिल्या आणि "बरं" एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर फाट्यावर थांब्याचा खांब रोवला गेला. तोवर एका मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं, ती आली नाही. दुसरी माझ्यासोबत पहिल्या बसमध्ये चढली.

"इथं कधीपासून थांबा?" कंडक्टरने विचारलं.

"आजपासून," मी म्हटलं आणि खिडकीशी जाऊन बसले.