खुब्याचा डॉक्टर

माझी धाकटी बहीण आमच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळ, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. तिला जन्मापासून सिकलसेल. आमच्या भागात या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कधीही हाडांत कळा सुटतात. लहानपणी तिला कळा आल्या की आई वीट तापवायची, फडक्यात गुंडाळून तिची मांडी शेकायची. कळ ओसरली की मी दप्तर पोटाशी बांधायचो आणि तिला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचो. "हळू चाल नं, हालून राह्यली मी," एवढीच तिची तक्रार असायची.

तिशी ओलांडल्यावर तिचा डावा पाय लंगडायला लागला. गडचिरोलीला फोटो काढला तेव्हा कळलं, खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही, गोळा झिजून चपटा झालाय. "सांधा बदलावा लागेल," तिथले डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे होत नाही. चंद्रपुरात सरकारी योजनेतून करणारा सर्जन बघा."

मी तेव्हा भामरागडकडच्या आश्रमशाळेत शिक्षक होतो. वर्षातून दोनदा घरी यायचो, तेही पाहुण्यासारखा. त्या हिवाळ्यात मात्र रजा काढकाढून आलो. सकाळच्या एसटीने आम्ही दोघं चंद्रपूरला निघायचो. ती खिडकीशी, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट आणि त्यात आईचं केशरी रेशनकार्ड.

पहिल्या दवाखान्याच्या दारावर योजनेचा भलामोठा फलक होता. आत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "योजना आहे, पण हाडांची नाही. हाडांचे सर आता येत नाहीत." दुसऱ्या ठिकाणी सर्जन होते, योजनाही होती. त्यांनी फोटो उजेडात धरून पाहिला, मान डोलावली. मी मनातल्या मनात सुट्ट्यांचा हिशेब मांडायला लागलो. मग त्यांनी सिकलसेलचं कार्ड पाहिलं आणि फोटो पुन्हा पाकिटात सरकवला. "भुलेचा धोका आहे. आम्ही ही केस घेणार नाही. नागपूरला न्या."

त्या दिवशी बाहेर पडल्यावर ती जटपुरा गेटपाशी थांबली. पाय उचलत नव्हता. मी म्हणालो, "ऑटो करू." ती म्हणाली, "थांब नं थोडं. पहिले भूक लागली." आम्ही एका टपरीवर पोहे-तर्री खाल्ली. तर्री इतकी जहाल होती की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तर्रीचंच आहे असं मी धरून चाललो. मग ती मला शाळेच्या रस्त्यावरच्या नाल्याची आठवण सांगायला लागली. एकदा मी तिच्यासकट पाण्यात पडलो होतो आणि दोघांनी घरी जाऊन म्हशीने ढकललं असं सांगितलं होतं. मी ते साफ विसरलो होतो. त्या टपरीवर आम्ही एवढे हसलो की पोहेवाला आमच्याकडे बघत राहिला.

पुढल्या खेपेला एका दवाखान्याच्या बाकड्यावर तिच्याशेजारी गडचांदूरची एक बाई बसली होती. बोलता बोलता निघालं की तिच्या नवऱ्यालाही सिकलसेल आणि त्याचा सांधा इथंच चंद्रपुरात बदलला, योजनेतूनच.

"कोणत्या डॉक्टरनं?" मी जवळजवळ ओरडलोच.

बाईने सरकारी बंगल्यांमागच्या एका गल्लीतला दवाखाना सांगितला. "ते लवकर हो नाई म्हणत, भाऊ. पण एकदम नाई बी म्हणत नाई. पहिले आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद दाखवा."

आम्ही तसेच तिकडे गेलो. योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राने रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळवलं. एका काना-मात्रेचा फरक निघाला. तो दुरुस्त करायला तहसीलच्या दोन चकरा झाल्या, पण यावेळी तिला चकरांचं काही वाटलं नाही.

सर्जन पन्नाशीचे, बुटके, शांत होते. ते मला विचारत गेले, मी उत्तरं देत गेलो. कधीपासून दुखतं, गोळ्या कोणत्या, रक्त किती वेळा चढवलं. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टर, दुखते मले. मले विचारा नं."

त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "बरं. काय करता येत नाही?"

"खाली बसता येत नाई. लेकरं खाली बसतात न् मी खुर्चीवर. लेकरायले मी तहसीलदारीण वाटून राह्यली."

ते हसले, आणि मग गंभीर झाले. "खोटं सांगत नाही, बाई. नवीन सांध्यावरही मांडी घालून बसता येणार नाही. जपावं लागेल. पण दुखणार नाही आणि चालता येईल."

तिने मांडीवरचं एक्स-रेचं पाकीट दोन्ही हातांनी सरळ केलं. लेकरांजवळ पुन्हा खाली बसता येईल, या एकाच आशेवर तिने तीन महिने एसटीचे धक्के सोसले होते, हे मला तेव्हा कळलं.

"किती चालता येईन?" तिने विचारलं.

"गावभर."

"मंग करा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एका फिजिशियनला सोबत घेतलं. ऑपरेशनच्या आधी तिला रक्त लागणार होतं. मी बाही सरसावून उभा राहिलो, तर कळलं की मी सिकलसेलचा वाहक, माझं रक्त तिला चालत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. गावातून जीप करून चौघं आले. सगळे तिच्या अंगणवाडीतल्या लेकरांचे बाप. ऑपरेशनच्या सकाळी आईने तिच्या उशाशी उभं राहून बुद्धवंदना म्हटली. ती स्ट्रेचरवरून आत गेली आणि आम्ही सहाजण दारापाशी उभे राहिलो. बसायला बाकडी होती, पण कोणी बसलं नाही.

सगळं नीट झालं. चौथ्या महिन्यात तिने काठी सोडली. आता ती लेकरांना खोलीत कमी आणि बाहेर जास्त शिकवते. तळ्याच्या पाळीवर रांगेत नेते, पक्षी मोजायला लावते, मोहाची पानं ओळखायला लावते.

मला मात्र तो हिवाळा आठवत राहतो. सांगायला बरं वाटत नाही, कारण ती तेव्हा वेदनेत होती. पण मोठं झाल्यावर बहीण माझ्या वाट्याला एवढी कधीच आली नव्हती. मूल ते चंद्रपूर, दोन्ही बाजूंनी जंगल, आणि खिडकीशी बसून बोलणारी ती.

वर्षाच्या तपासणीसाठी मी रजेचा अर्ज लिहून ठेवला होता. तो देण्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "जाऊन आली मी चंद्रपूरले. एकटीच. डॉक्टर म्हणाले, झकास आहे."

"मले सांगायचं नं," मी म्हणालो.

"तुले काऊन तरास?" ती म्हणाली आणि कोणी लेकरू रडत होतं म्हणून तिने फोन ठेवला.