दामोदरपंत आणि नितळ पाणी

दामोदरपंतांवर चार गोड शब्द लिहावेत, असे गौरवसमितीचे सांगणे आहे. पंतांना साठावे वर्ष लागले ही आनंदाचीच गोष्ट. पण गोड लिहिणे मला जमेलसे वाटत नाही.

आमची पहिली भेट चांदवड रस्त्यावरच्या तळ्याकाठी झाली. मी नाशिकच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. सायकलवरून उतरून तोंड धुवायला वाकलो, तर काठावर उकिडवे बसलेले एक गृहस्थ खेकसले, "अहो, तोंड घरी जाऊन धुवा." तळ्याचे पाणी तपासण्याची नोकरी त्यांची. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ते न हलवता ठेवीत. हिरवे तळाशी बसले तर साधे शेवाळ. वर तरंगून साय धरली तर जनावर पाण्यावर घालायचे नाही. साय दिसली की ते स्वतः वस्तीत दारोदार सांगत फिरत.

एका उन्हाळ्यात साय दाट आली आणि नेमके तेव्हाच तळे समितीच्या अध्यक्षांकडे बडे पाहुणे यायचे ठरले. हिरवे तळे दाखवायची त्यांना लाज वाटली. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाका, असा हुकूम सुटला. पंतांनी परोपरीने विनवले, "ती साय मेली की तिच्यातलं विष पाण्यात उतरतं. टाकायचाच असेल तर तळं बंद ठेवा, लोकांना विहिरीवर पाठवा."

अध्यक्ष म्हणाले, "पंत, तुम्ही पाणी तपासा. आम्हाला तपासू नका."

मोरचुदाची पोती होडीमागे बांधून तळ्यातून फिरवली. पाणी नितळ झाले, पाहुण्यांनी वाहवा केली आणि लोकांनी भरवशाने जनावरे पाण्यावर घातली. दूध विकून घर चालवणाऱ्या रहिमानभाईंची एकुलती एक म्हैस काठावरच पाय झाडून मेली.

"पंत, पानी तर लय साफ हाय, मंग ही कशानं मेली?" त्यांनी विचारले.

समितीने उत्तर तयारच ठेवले होते: पंतांनी मोरचूद जास्त टाकला. पंतांची नोकरी गेली. लोक त्यांना पाहून तोंड फिरवू लागले, रहिमानभाईसुद्धा. तरी त्यांच्या मुलांसाठी पंतांच्या घरून रोज दूध जात राहिले. मी चिडून बोललो, तर म्हणाले, "मुलांनी काय कुणाचं घोडं मारलंय?"

आजही ते पेला घेऊन सकाळी तळ्यावर जातात. कुणी सांगितलेले नसते.

आता त्याच अध्यक्षांच्या हस्ते त्यांना शाल मिळणार आहे. मानपत्राचा मसुदा मला दाखवण्यात आला. 'तळे नितळ करून दाखविल्याबद्दल', असे त्यात आहे. जे करू नका म्हणून पंत घसा फोडून सांगत होते, त्याचाच सत्कार. वाचून माझे डोके फिरले. पंत एवढेच म्हणाले, "शाल राहू द्या. साय पुन्हा धरली आहे, तेवढं तळं बंद करायला सांगा."

मी सांगितले. समारंभाचा मांडव तळ्याकाठीच पडणार आहे, हिरवे पाणी बरे दिसणार नाही, म्हणून मोरचूद मागवला आहे, असे उत्तर मिळाले.

दामोदरपंतांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. समारंभाला येणाऱ्या सर्वांनाही लाभो. हा लेख त्याआधी ज्यांच्या हाती पडेल, त्यांनी कृपा करून प्यायचे पाणी घरून आणावे, आणि बैलगाडीने येणार असाल तर बैलांचेही.